मागून घेतलेले दिवस

आबांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या दोन्ही सुया टोचून झाल्या होत्या, नळीतून रक्त फिरायला लागलं होतं, आणि ते मला विचारत होते की दिल्लीच्या कंपनीत वैमानिकांच्या महिन्याच्या ड्यूट्या ठरवतं कोण.

"कॉम्प्युटर," मी म्हणाले.

"त्याला सांगतं कोण?"

"आम्हीच. प्रत्येक जण आपली पसंती भरतो. मग सगळ्यात जुन्या पायलटपासून वाटप सुरू होतं."

"म्हणजे तू?"

"मी नवीन. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते माझं."

आबा हसले. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, बहुतेक कालव्यावर झाली होती. शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले तरी जगातली कुठलीही वाटणी ते पाण्याच्या भाषेतच समजून घेत. "शेपटाकडची जमीन," ते म्हणाले. "वरच्यांची भिजली तर तुझी."

पलीकडच्या खुर्चीत घुलेताई होत्या. धानोरीत त्यांची पिठाची गिरणी होती आणि मंगळवार-शुक्रवार त्या आबांच्या शेजारी मशीनला लागत. आबांना त्या साहेब म्हणत आणि साहेबांना मुळीच सोडत नसत. आताही डोळे मिटून पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "साहेब, पोरीनं विमान चालवायचं का तुमची खुर्ची ढकलायची, ते एकदा ठरवून टाका. आम्हाला रोज नवीन ऐकायला मिळतंय."

"मी विमानच म्हणतोय," आबा म्हणाले. "तीच ऐकत नाही."

मी ऐकत नव्हते हे खरं होतं. मी ज्या कंपनीत एअरबसवर सहवैमानिक होते ती कंपनी त्या उन्हाळ्यात बंद पडली. काही महिने घरी बसल्यावर दोन ठिकाणांहून एकाच आठवड्यात बोलावणं आलं. एक दिल्लीहून. मोठी कंपनी, मोठी विमानं, लंडन-टोरांटोची उड्डाणं, चार-पाच वर्षांत कॅप्टन होण्याची शक्यता. राहायचं दिल्लीत. सुट्ट्या भरपूर, पण त्या कधी पडतील हे महिना संपता संपता कळणार. दुसरं बोलावणं पुण्यातलंच, लोहगावहून. छोटी कंपनी, पंख्यांची विमानं, नागपूर, गोवा, हैदराबाद असे फेरे, संध्याकाळी घरी. पगार कमी. मात्र त्यांच्याकडे एक सोय होती जी मी दुसरीकडे कुठेच पाहिली नव्हती. आठवड्यातले चार दिवस उडायचं आणि तीन दिवस सुट्टी, आणि ते तीन वार कोणते हे वैमानिकानं स्वतः सांगायचं.

माझ्याबरोबर बेकार झालेल्या सगळ्यांचं मत एक होतं. जेटवरून पंख्यांच्या विमानावर गेलेला माणूस परत वर येत नाही. उड्डाणाचे तास मोजले जातात, पण कुठल्या विमानाचे ते आधी बघितलं जातं. हे मलाही माहीत होतं. पण महिन्याभरापूर्वी एका शुक्रवारी मी मुलाखतीसाठी दिल्लीला गेले असताना आबा डायलिसिस करून रिक्षानं एकटे घरी आले आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, वळणावर बसून राहिले. वर जाता येईना, खाली जाता येईना. शेजारच्या बाई भाजी घेऊन येत होत्या, त्यांना ते दिसले. मला त्यांनी नंतर सांगितलं की आबा भिंतीला टेकून बसले होते आणि म्हणत होते, काही नाही, जरा दम घेतोय. किती वेळ दम घेत होते ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आबांनी स्वतः मला या प्रसंगातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

लोहगावच्या कंपनीत मुख्य वैमानिक होते कॅप्टन सबनीस. हवाई दलातून आलेले, बारीक, कायम चष्मा पुसत बोलणारे. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक मोठा पांढरा फळा होता आणि त्यावर सगळ्या वैमानिकांची आडनावं नि वार लिहिलेले होते. त्यांनी माझे कागद बघितले, जुन्या कंपनीतल्या दोन-चार जणांची चौकशी केली आणि सरळ विचारलं, कोणते दिवस हवेत.

"मंगळवार, शुक्रवार आणि रविवार," मी म्हणाले.

ते चष्मा पुसायचे थांबले. म्हणाले, इथे येणारा प्रत्येक जण सलग दिवस मागतो. शनिवार-रविवारसाठी तर भांडणं होतात. असे सुटे, तुकड्या-तुकड्यांचे दिवस आजवर कुणी मागितले नाहीत. गावाला जाता येत नाही, झोप पुरी होत नाही, काही नाही. मी त्यांना आबांच्या डायलिसिसचं सांगितलं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारची वेळ, चार तास मशीनवर, शिवाय जाणं-येणं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक होते, हेही सांगावं लागलं.

सबनीसांनी मान हलवली. मग त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. हे वार एकदा फळ्यावर चढले की वर्षभर उतरत नाहीत, कारण बाकीच्यांचे दिवस त्याच्याभोवती बसवलेले असतात. एकाचा वार हलला की सगळा फळा हलतो. तेव्हा घरी विचारून या.

"विचारलंय," मी म्हणाले. आबांना माझ्या मनातली कंपनी माहीत होती, तेवढं मला पुरेसं वाटलं.

त्यांनी फळ्याच्या शेवटच्या ओळीत वाकचौरे असं लिहिलं आणि पुढे तीन वार.

घरी आले तेव्हा आबा स्वयंपाकघरात बाटलीतून पेल्यात पाणी ओतत होते. दिवसाला एक लिटर, त्यात चहासुद्धा, असा डॉक्टरांचा हुकूम होता. ज्यांनी गावंच्या गावं भिजवली त्यांना ती बाटली सकाळी भरून ठेवावी लागे. ते कधी कुरकुरले नाहीत. फक्त पाणी पिताना बोलत नसत.

पेला खाली ठेवल्यावर मी सांगितलं. लोहगावचं पक्कं केलं. पुढच्या आठवड्यात हैदराबादला जायचं, नव्या विमानाचं प्रशिक्षण, साधारण दोन महिने, आणि मग इथेच, घरून.

मला वाटलं होतं ते चिडतील. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी विचारलं, "दिल्लीवाल्यांना कळवलंस?"

"हो."

"परत घेतील का कधी?"

"माहीत नाही. कदाचित नाही."

ते म्हणाले, "सुट्टी कोणत्या वारी?"

मी वार सांगितले.

"माझ्याच दिवशी होय," ते म्हणाले. मग विचारलं, "आणि बदलून मिळतात का?"

"वर्षभर नाही. सबनीससर दोनदा म्हणाले."

"बरं," आबा म्हणाले. एवढंच. उठून बाटलीचं झाकण लावलं आणि गॅलरीत जाऊन पेपर वाचत बसले. ते इतक्या सहज कबूल झाले याचा मला हलकेपणा वाटला. त्या रात्री मी गाढ झोपले.

हैदराबादला असताना मी रोज संध्याकाळी फोन करी. डायलिसिसच्या दिवसांसाठी मी शेलारांना सांगून ठेवलं होतं. शेलार आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवरचे रिक्षावाले, आबांच्याच वयाचे. ते आबांना वर दारापर्यंत सोडत. आबा फोनवर सांगत की सगळं ठीक आहे, शेलार जिना चढवून देतात आणि मग वर बसून माझ्या वाट्याची बिस्किटं खातात. घुलेताई काय म्हणाल्या तेही सांगत. नंतर नंतर घुलेताईंचा विषय निघेनासा झाला. मला वाटलं, दोघांचं काही बिनसलं असेल.

प्रशिक्षण संपवून मी सोमवारी रात्री उशिरा परत आले आणि दुसऱ्याच दिवशी माझा पहिला सुट्टीचा मंगळवार होता. मी सकाळीच बिनमिठाचा उपमा केला, त्यांची फाइल पिशवीत घातली, सेंटरमध्ये थंडी वाजते म्हणून शाल घेतली. आबा बाहेर आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, पायात बूट. डायलिसिसला ते नेहमी जुना, बाह्या सैल असलेला सदरा घालत. मी म्हटलं, हा शर्ट खराब होईल. ते म्हणाले, होऊ दे, चल. आणि दुपारची वेळ असताना सकाळी का निघायचं, तर म्हणाले, आता वेळ बदललीय.

चौकात मी गाडी डावीकडे वळवायला लागले.

"डावीकडे नको," आबा म्हणाले. "सरळ घे."

"सेंटर डावीकडे आहे, आबा."

"मी काल जाऊन आलो."

मागून हॉर्न वाजत होते. मी चौक ओलांडला आणि गाडी कडेला घेतली. त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. सोमवार-गुरुवारच्या सकाळची एक खुर्ची रिकामी झाली होती. डायलिसिस सेंटरमध्ये खुर्ची कशी रिकामी होते हे तिथे येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे ती मागायला कुणी धावत नाही. सिस्टर जॅसिंटाला त्यांनी विचारलं, तिनं डॉक्टरांना विचारलं. गेले पाच आठवडे ते सोमवारी आणि गुरुवारी जात होते. घुलेताई रुसल्या होत्या, म्हणाल्या, साहेबांना आमचा कंटाळा आला.

सुचलं ते सगळं मी बोलले. मी काय सोडलं, कशासाठी सोडलं, लोकांनी मला काय काय सांगितलं होतं. सुट्टीचे तेच दिवस मिळावेत म्हणून ही नोकरी घेतली आणि तुम्ही मला न विचारता—

"तू मला विचारलं होतंस?"

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"वार सांगून आलीस. मग मला सांगितलंस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत ते बोलत होते. "मशीनच्या दिवशी मी असतो कुठे, उर्मे? जाताना अंगात पाणी भरलेलं, येताना अंगात जीव नाही. घरी आलं की भिंतीकडे तोंड करून पडतो ते दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. तुला वाटतं मला झोप लागते. मी नुसता पडलेला असतो, कुणी बोलू नये म्हणून."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होते.

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी माणूस होतो. चहाला चव लागते. पेपर पुरा वाचतो. कुणाशी भांडावंसं वाटतं. तो दिवस तुझा विमानात जाणार होता. तू माझे पडीक दिवस मागून घेतलेस. तुझे तर हलत नाहीत, म्हणून मग मी माझे हलवले."

"आणि सोमवारी, गुरुवारी काही झालं तर?"

"सिस्टर आहे. डॉक्टर आहे. तू असून काय करणार? सुई टोचताना तुला बघवत नाही. खिडकीकडे तोंड करून बसतेस."

हे खरं होतं. त्यांना ते दिसत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"दिल्लीचं तू सोडायला नको होतंस," ते म्हणाले. "ते मी पुढेही म्हणत राहणार. पण सोडलंसच आहेस, तर मला चांगले दिवस दे."

मी विचारलं, आता कुठे जायचं.

"खडकीला. केस कापायचेत. आपल्या गल्लीतला पोऱ्या कानावर फार कापतो."

तो पहिला मंगळवार केस कापण्यात गेला. बाजारातल्या जुन्या सलूनमध्ये ते खुर्चीत बसून न्हाव्याशी राजकारणावर वाद घालत होते आणि मी बाकावर बसून जुनी मासिकं चाळत होते. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. येताना त्यांनी जिन्याच्या वळणावर माझा हात झटकला आणि एका दमात वर गेले.

मग दुसरे मंगळवार आले, शुक्रवार आले. भिगवणला पक्षी बघायला गेलो. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं धुंडाळली आणि त्यातली दोन आळीपाळीनं एकमेकांना वाचून दाखवली. आबा वाचताना पात्रांचे आवाज काढत, जे मला लहानपणी आवडायचं आणि आता हसू यायचं. एकदा त्यांच्या जुन्या कालव्याच्या अगदी शेवटच्या गावाला गेलो. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यांना लांबून ओळखलं आणि राम राम व्हायच्या आत भांडण काढलं. कुठल्या तरी उन्हाळ्यात आबांनी त्याची पाण्याची पाळी चुकवली होती म्हणे. आबा म्हणाले, चुकवली नव्हती, वर कालव्याचं दार फुटलं होतं. दोघंही खळ्यावर बसून अर्धा तास तावातावानं बोलले. मग त्यानं उसाचा रस काढून आणला. आबांना तो चालत नव्हता. ते म्हणाले, माझ्या वाट्याचा हिला द्या. मी दोन पेले प्याले आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू त्यांचीच तहान भागली.

सोमवारी आणि गुरुवारी मी विमानात असे. सकाळी त्यांना शेलारांच्या रिक्षात बसवायलाही मला वेळ मिळत नसे, कारण माझं पहिलं उड्डाण त्याच्या आधीचं. संध्याकाळी घरी आले की ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. मी दिवा न लावता स्वयंपाकघरात जाई. कुणी बोलू नये हे आता मला माहीत होतं.

वर्ष संपत आलं तेव्हा सबनीसांनी मला फळ्यासमोर बोलावलं. नव्या वर्षाचे वार लिहायचे होते. त्यांच्या कानावर आलं होतं की वडिलांचे दिवस बदलले आहेत. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की या वेळी सोमवार आणि गुरुवार द्यायला जमेल, एक जण नोकरी सोडून चालला आहे, सगळं नव्यानंच बसवायचं आहे. तेव्हा संकोच करू नका.

त्याच आठवड्यात मंगळवारी आबांचे रिपोर्ट आणायला गेले तेव्हा घुलेताई मला सेंटरच्या दारात भेटल्या होत्या. त्यांची मुलगी त्यांना सोडायला आली होती. त्या म्हणाल्या होत्या, साहेबांचं चुकतंय, माणूस मशीनवर असताना आपलं कुणी जवळ पाहिजे, बाकीचे दिवस काय, निघून जातात. त्या मनापासून बोलत होत्या आणि गुरुवारी सकाळी हवेत असताना माझ्याही मनात हेच येत असे. खाली सगळं ठीक असेल ना. फोन बंद असे. उतरल्यावर चालू करताना बोट थोडं थांबे.

सबनीस मार्कर हातात घेऊन उभे होते.

"तेच राहू द्या, सर," मी म्हणाले. "मंगळवार, शुक्रवार, रविवार."

त्यांनी परत विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी नागपूरहून आलेलं विमान उभं केलं आणि काचेतून पाहिलं तर खाली शिडीपाशी सबनीस उभे होते. मुख्य वैमानिक विमानाला सामोरे येत नसतात. मी पट्टा सोडला, कागद सहकाऱ्याच्या हातात दिले आणि प्रवासी उतरून जाईपर्यंत जागेवर बसून राहिले. मग खाली गेले. सबनीसांनी माझी बॅग घेतली.

मशीनवर तिसऱ्या तासाला आबांचा रक्तदाब उतरला होता. त्यांनी डोळे मिटले ते उघडले नाहीत. सगळे होते तिथे, डॉक्टरसुद्धा. शेलार रिक्षा लावून खाली बसलेले होते, त्यांनाच आधी कळलं. मी पोचले तेव्हा आबांच्या हातातल्या सुया काढून पट्टी बांधलेली होती. सिस्टर जॅसिंटा माझा हात धरून उभी राहिली. ती केरळची, मराठी तोडकंमोडकं बोले. तिनं सांगितलं की सकाळी मशीनला लावताना ते घाई करत होते. आज लवकर सोड, म्हणत होते. उद्या मुलीबरोबर जुन्नरला जायचं आहे, मी पहिल्यांदा काम केलं ते धरण तिनं अजून बघितलेलं नाही.

मला जुन्नरचं काहीच माहीत नव्हतं. ते त्याच दिवशी सकाळी बेत सांगत, नेहमीच.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळं उरकलं. संगमनेरहून काका आले होते, चुलत भाऊ आले होते. घुलेताई आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. येणारे लोक हळू आवाजात एकमेकांना विचारत होते आणि ते मला ऐकू येत होतं. वडिलांसाठी मुलीनं एवढी मोठी नोकरी सोडली म्हणे, आणि नेमकी आज जवळ नव्हती. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. कुणीतरी हळहळत म्हणालं, नशीब. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्या दिवशी त्या लोकांना सांगण्यासारखं नव्हतं.

स्मशानाच्या फाटकाशी सबनीस थांबले होते. सगळे पुढे गेल्यावर ते जवळ आले. काही लागलं तर सांगा म्हणाले. कामाची काळजी करू नका, तेरावा होईपर्यंत इकडे फिरकू नका. मग काहीतरी करून दाखवावं तसं म्हणाले, "मी आत्ता फोन करतो. उद्यापासूनच रजा मांडायला सांगतो."

त्यांनी फोन खिशातून काढला.

"उद्याची नका मांडू, सर," मी म्हणाले. "उद्या शुक्रवार आहे. मला सुट्टी आहे."